टीव्ही नवा, चित्र मात्र धूसर: कंपनी बदलावी का?

वाचकाचा प्रश्न

पुण्यात नोकरी करणाऱ्या एका वाचकाने लिहिलं आहे. त्यांचे वडील यंदा एसटीतून निवृत्त झाले. आई-वडील चिपळूणजवळच्या गावी राहतात. मुलाने निवृत्तीची भेट म्हणून ५५ इंची फोर-के टीव्ही पाठवला. घरी आधीपासून डीटीएच आहे आणि चार वर्षांपूर्वी एचडी बॉक्सही घेतलेला आहे. टीव्ही बसवायला आलेल्या मुलाने जुन्या ३२ इंची टीव्हीला होती तसलीच वायर घेतली आणि सोबत आलेल्या छोट्या पिनेतून नव्याला लावून दिली. तेव्हापासून माणसांचे चेहरे मेण फासल्यासारखे दिसतात, क्रिकेटमध्ये चेंडू सापडत नाही, आणि पावसात तर चित्रच जातं. कंपनीला तीनदा फोन झाला, तिन्ही वेळा 'सिग्नल ओके आहे' असं उत्तर मिळालं. वडील काही बोलत नाहीत, पण मॅच असली की मागच्या खोलीत जुन्या टीव्हीसमोर जाऊन बसतात. मामेभाऊ म्हणतो फायबर इंटरनेट घ्या, गावातला केबलवाला म्हणतो माझ्याकडे या. वाचक विचारतात, "सगळ्यात चांगलं एचडी कोणाचं, एकदाच सांगा. पैसे गेले तरी चालतील."

उत्तर

तुमचं पत्र दोनदा वाचलं. वडील न बोलता मागच्या खोलीत जाऊन बसतात, हे तुम्हाला किती लागलं असेल ते कळतं. तरीही कंपनीचं नाव सांगायची घाई मी करणार नाही. पत्रातल्या त्या छोट्या पिनेच्या वाक्याने मला थांबवलं. त्याकडे येतेच, पण त्याआधी तुम्ही एकत्र बांधलेल्या दोन तक्रारी सोडवून घेऊ.

चेहरे गुळगुळीत दिसणं आणि पावसात चित्र जाणं, या दोन्हींचं कारण तुम्ही कंपनी धरलं आहे. पण ही दोन वेगळी दुखणी आहेत. कौलांवर अँटेना असायचा तो काळ तुमच्या वडिलांना आठवत असेल. सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या. कोणीतरी वर चढून अँटेना फिरवायचं, खालून ओरडा व्हायचा, 'आलं, आलं... गेलं!' तेव्हा सिग्नल जितका कमी तितकं चित्र वाईट, असा सरळ हिशोब होता. छत्रीवर, म्हणजे डीटीएचच्या डिशवर, येणारं डिजिटल चित्र तसं वागत नाही. सिग्नल पुरेसा असेल तर चित्र जसं पाठवलं तसंच्या तसं उतरतं. पुरेसा नसेल तर चौकोन-चौकोन होतात, आवाज तुटतो आणि मग पडदा काळा होतो. थोड्या कमी सिग्नलमुळे थोडं धूसर चित्र, अशी मधली पायरीच उरलेली नाही.

त्यामुळे 'सिग्नल ओके आहे' हे कंपनीचं उत्तर बहुधा खरंच असेल, फक्त तुमच्या पहिल्या तक्रारीशी त्याचा संबंध नाही. चित्र तुटत असेल तर छत्री, तिची वायर, झाडं आणि पाऊस यांच्याकडे बघायचं. चित्र न तुटता नुसतं धूसर असेल तर बॉक्सच्या मागे बघायचं.

आता ती पिन. जुन्या टीव्हीची वायर म्हणजे बहुतेक पिवळी, लाल आणि पांढरी अशी तिरंगी वायर. लाल-पांढऱ्यातून आवाज जातो आणि सगळं चित्र एकट्या पिवळ्या वायरीतून. या वायरीतून एचडी चित्र जातच नाही. बॉक्सने आकाशातून उत्तम एचडी उतरवून घेतलं तरी या वायरीत शिरताना त्याचं साधं चित्र होतं. आकड्यांत सांगायचं तर साध्या एसडी चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे चार लाख चौदा हजारांच्या आसपास ठिपके असतात. पूर्ण एचडीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांच्या वर, बरोबर पाचपट. आणि तुमच्या फोर-के पडद्यावर ब्याऐंशी लाखांहून जास्त ठिपके आहेत. चार लाखांच्या मालातून ब्याऐंशी लाखांची जागा भरायची, तर मधले सगळे ठिपके टीव्हीला अंदाजाने रंगवावे लागतात. चेहऱ्यांवरचं मेण ते हेच. जुन्या ३२ इंची टीव्हीवर तेच चार लाख ठिपके लहान जागेत दाटीने बसतात, म्हणून तिथे चित्र बरं दिसतं. वडिलांचे डोळे त्यांना बरोबर सांगताहेत.

हे मी एवढ्या खात्रीने लिहिते, कारण आमच्याकडे हेच झालं होतं. आईसाठी एचडी बॉक्स घेतला, दर महिन्याला एचडीचे पैसे भरले, आणि दीड वर्ष साधं चित्र बघत बसलो. दिवाळीच्या साफसफाईत टीव्हीचं कपाट भिंतीपासून ओढलं तेव्हा मागे धुळीने राखाडी झालेली पिवळी पिन दिसली. बॉक्सचं खोकं माळ्यावर होतं. त्यात एचडीएमआयची, म्हणजे एचडी चित्र आणि आवाज एकत्र नेणारी वायर पिशवीतसुद्धा न उघडता वेटोळं करून तशीच ठेवलेली होती, ओल शोषणाऱ्या पुडीशेजारी. ती लावली आणि आईने टीव्हीजवळ जाऊन मालिकेतल्या सुनेची नथ बघितली. तोवर त्या नथीचा पांढरा ठिपका दिसायचा, आता मोती मोजता येत होते. त्या दीड वर्षाच्या पैशांची हळहळ मला अजून वाटते, म्हणून तुम्हाला आधी हे सांगते आहे.

तेव्हा पुढच्या खेपेला गावी जाल तेव्हा माळ्यावरचं खोकं शोधा. वायर नसेल तर दोन-तीनशे रुपयांत मिळते. दुकानदार हजाराची सोनेरी टोकांची दाखवेल, तिची गरज नाही. या वायरीतूनही डिजिटल चित्रच जातं, महाग वायरीने ते जास्त स्वच्छ होत नाही. वायर लावल्यावर टीव्हीच्या रिमोटवरून सोर्स बदलून एचडीएमआय करा. मग बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा आकार १०८० वर आहे ना ते बघा. पुष्कळ बॉक्स ५७६ किंवा ७२० वर ठेवलेले सापडतात. टीव्हीच्या रिमोटवर इन्फोचं बटण असेल तर दाबा, बऱ्याच टीव्हींवर कोपऱ्यात हा आकडा येतो.

एवढं झाल्यावरही एक गोष्ट राहते, ती म्हणजे चॅनलचा नंबर. एचडी बॉक्स घेतला म्हणून सगळे चॅनल एचडी होत नाहीत. स्टार प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी यांचे एसडी आणि एचडी असे वेगवेगळे चॅनल आहेत, त्यांचे नंबर वेगळे आणि पैसेही वेगळे. तुमच्या आईच्या बोटांना वर्षानुवर्षांचा जुना नंबर पाठ असणार, आणि तो एसडीचा असणार. नवे नंबर मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून रिमोटजवळ ठेवा, किंवा फेव्हरिटच्या यादीत फक्त एचडी चॅनल टाका. मराठी बातम्यांचे चॅनल मात्र बहुतेक एसडीतच आहेत. ते मोठ्या टीव्हीवर थोडे धूसर दिसणारच, कुठल्याही कंपनीकडे गेलात तरी.

टीव्हीच्या स्वतःच्या सेटिंगबद्दलही दोन शब्द. दुकानात डोळ्यांत भरावा म्हणून टीव्ही भडक रंगांवर ठेवलेला असतो आणि घरी आला तरी तसाच राहतो. पिक्चर मोड स्टँडर्ड किंवा सिनेमा करा आणि शार्पनेस निम्म्याखाली आणा. शार्पनेस वाढवल्याने तपशील वाढत नाही. कडांना पांढरी रेघ येते आणि चित्रातले दोष ठळक होतात.

फोर-के या शब्दावरही फार जीव टाकू नका. मराठी मालिका फोर-केमध्ये प्रसारित होत नाहीत. शिवाय ५५ इंची टीव्ही सात-आठ फुटांच्या पलीकडून बघितला की चांगलं एचडी आणि फोर-के यांतला फरक सहसा डोळ्यांना टिपता येत नाही. कोकणातल्या घरात माजघरातल्या खुर्चीपासून समोरच्या भिंतीपर्यंत एवढं अंतर सहज असतं. टीव्ही तुम्ही चांगलाच घेतलाय, भेट वाया गेलेली नाही. तिला चांगलं एचडी मिळालं की पुरे.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते: एचडी कोणाचं चांगलं? एचडी हा शब्द चित्राच्या आकाराबद्दल बोलतो, ते चित्र किती दाबून पाठवलंय याबद्दल नाही. डीटीएच कंपनी चॅनलकडून आलेलं चित्र पुन्हा दाबते आणि उपग्रहावर चढवते. उपग्रहावरची जागा भाड्याची आणि मोजकी असते, आणि तिथे पुष्कळ चॅनल शेजारी-शेजारी बसवायचे असतात. तुमच्या वडिलांना हे लगेच कळेल: गाडी तीच, सीटाही तेवढ्याच, पण गणपतीत तिच्यात किती माणसं चढतात! ज्या गाडीत गर्दी कमी, त्यातल्या चॅनलला ऐसपैस जागा मिळते आणि चित्र मोकळं दिसतं. म्हणून दोन कंपन्यांच्या एचडीत फरक असू शकतो, एकाच कंपनीच्या दोन चॅनलांतही असू शकतो. आणि चॅनल वाढले, जागा बदलली की हा फरकही बदलतो. आज मी एक नाव सांगितलं तर पुढच्या वर्षी ते खरं राहील याची हमी कोणी देऊ शकत नाही.

स्वतःच्या डोळ्यांनी मात्र हे तपासता येतं. वाडीत दुसऱ्या कंपनीची छत्री असलेलं घर शोधा आणि क्रिकेटचा सामना चालू असताना तिथे जाऊन बसा. स्थिर चेहऱ्यावर सगळ्यांचंच एचडी चांगलं दिसतं. चौकार गेला की कॅमेरा चेंडूमागे पळतो, तो क्षण पकडा. गवताची पाती, सीमारेषेवरची जाहिरातीची अक्षरं, मागची गर्दी, हे सगळं एकदम हलतं आणि तिथे दाबलेलं चित्र उघडं पडतं. गवत क्षणभर हिरवा लेप दिल्यासारखं झालं तर समजा की जागा कमी पडते आहे. शेजाऱ्यांचा टीव्ही वेगळा असेल, रंग वेगळे असतील, ते सोडून द्या. गवत आणि अक्षरं बघा.

पावसाचं दुखणं वेगळं, आणि तुमच्या भागात ते मोठं आहे. डीटीएचच्या लहरी जोरदार पावसात शोषल्या जातात. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे सगळ्याच कंपन्यांचं चित्र कधी ना कधी जाणार. पण किती वेळा आणि किती वेळ, यात फरक पडतो, आणि त्यातलं एक कारण सहसा कोणी सांगत नाही. प्रत्येक कंपनीचा उपग्रह आकाशात वेगळ्या ठिकाणी आहे. सगळे विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, पण टाटा प्लेचा ८३ अंश पूर्व रेखांशावर, डी-टू-एचचा ८८ वर, डिश टीव्हीचा ९५ वर, एअरटेलचा १०८ च्या जरा पुढे. चिपळूणच्या अंगणात उभं राहून बघितलं तर ८३ चा उपग्रह दक्षिण-आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ६६ अंश वर, म्हणजे बराच डोक्यावर येतो. १०८ चा पूर्वेकडे झुकलेला आणि ४५ अंशांवरच असतो.

याचे दोन परिणाम होतात. खाली असलेल्या उपग्रहाची लहर तिरपी येते आणि पावसातून तिला साधारण सव्वापट जास्त वाट काढावी लागते. ही एकच गोष्ट निर्णायक नाही, उपग्रहाची ताकद आणि छत्रीचा आकारही तेवढेच महत्त्वाचे. दुसरा परिणाम झाडांचा. घराच्या पूर्वेला फणस किंवा उंच डोंगर असेल तर एका कंपनीचं चित्र अडेल आणि दुसरीचं अडणार नाही. छत्री बसवली तेव्हा तुमच्या अंगणातला माड केवढा होता आणि आता केवढा आहे, हे आईला विचारा. ओल्या झावळ्या लहर अडवतात. उन्हाळ्यात ठीक आणि पावसाळ्यात पहिल्या सरीलाच चित्र जातं, अशी तक्रार असेल तर मी आधी झाडाकडे बघेन.

मग छत्रीमागची वायर. छत्रीसमोर दांड्यावर लहर पकडणारा डबा असतो, त्या एलएनबीला वायर जिथे पिळून बसवतात तिथे पाणी शिरतं, आणि खाऱ्या-दमट हवेत पितळी टोक हिरवं पडतं. चार वर्षं जुनी जोडणी असेल तर मृगाआधी ती टोकं कापून नवीन बसवून घ्या आणि वर रबरी टेप गुंडाळा. वायर बॉक्सकडे उतरताना भिंतीत शिरण्याआधी खाली लोंबणारा एक वळसा ठेवायला सांगा, म्हणजे पाणी वायरीवरून आत न जाता तिथून ठिबकून जातं. एवढं करूनही चित्र फार वेळ जात असेल तर ६० सेंटिमीटरऐवजी ९० सेंटिमीटरची छत्री लावून मिळेल का ते विचारा. मोठी छत्री जास्त लहर गोळा करते, पावसात तेवढीच हातभर जास्त तग धरते.

केबलवाल्याला मी पत्राच्या कडेला ढकलणार नाही. केबलचं मोठं सुख म्हणजे तुमच्या घरावर छत्री नसते, आणि बिघाड झाला तर ओळखीचा माणूस येतो. आई-वडील एकटे राहत असतील तर हे सुख लहान नाही. पण मुख्य केंद्रापासून तुमच्या घरापर्यंत वायर किती लांब आहे आणि वाटेत किती फाटे फुटले आहेत, यावर सगळं अवलंबून. त्याच्याकडे मराठी एचडी आणि क्रिकेटचे एचडी चॅनल आहेत का, आणि तुमच्या शेजारच्या घरी ते न तुटता दिसतात का, एवढं बघून घ्या. वीज गेली की त्याची वाटेतली यंत्रंही बंद पडतात का, हेही विचारा. तुमच्या घरी इन्व्हर्टर असला तरी त्याचा उपयोग तेव्हा होणार नाही.

मामेभावाचा फायबरचा सल्ला पुण्यात अगदी योग्य आहे. नेटफ्लिक्स पूर्ण एचडीसाठी ५ आणि फोर-केसाठी १५ एमबीपीएस वेग पुरे म्हणतं, आणि फायबर गावात आलं असेल तर तेवढा सहज मिळतो. इंटरनेटवरून चित्र वेगाप्रमाणे स्वतःला लहान-मोठं करून घेतं, त्यामुळे पाऊस आला की काळा पडदा होण्याऐवजी बहुधा धूसर होतं. पण ॲपवरचा सामना छत्रीवरच्या सामन्याच्या मागे चालतो, कधी अर्ध्या मिनिटाने. गोलंदाज अजून धावत येतोय आणि शेजारच्या घरातून 'आउट!' ऐकू येतं. तुमच्या वडिलांसारख्या क्रिकेटवेड्या माणसाला हे किती सोसेल ते तुम्हीच ठरवा. आणि दुसरी गोष्ट आईची. तिला आज नंबर दाबला की मालिका लागते. ॲपमध्ये प्रोफाइल निवडा, शोधा, पासवर्ड गेला तर ओटीपी आणा, आणि तो ओटीपी येणार पुण्यात तुमच्या फोनवर. पत्रात तुम्ही भावाचं मत लिहिलं, केबलवाल्याचं लिहिलं, कंपनीचं लिहिलं. आईला काय हवंय ते कुठेच आलं नाही. ते विचारल्याशिवाय जोडणी बदलू नका. फायबर घ्यायचंच असेल तर पहिले सहा महिने छत्री चालू ठेवा.

पैसे गेले तरी चालतील म्हणता, तरी एक बघा. फेब्रुवारी २०१९ पासून ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांमुळे चॅनल सुटे निवडता येतात. तुमच्या पॅकमध्ये एकाच चॅनलचे एसडी आणि एचडी असे दोन्ही पैसे जात नाहीत ना, हे रिचार्जच्या ॲपवर तपासा. एका पॅकमधून एसडी आणि दुसऱ्यातून एचडी असं सर्रास होतं. एसडीचे काढून टाकले तर त्या पैशांत क्रिकेटचा एचडी चॅनल बसू शकेल. आणि कंपनी बदललीच तर जुना बॉक्स नव्या कंपनीकडे चालत नाही, हे धरून चाला. वर्षभराची ऑफर घेण्याऐवजी एका महिन्याचं भरा, आणि तो महिना शक्यतो जुलैचा असू द्या.

आधी मात्र ती पिवळी वायर काढून एचडीएमआय लावा आणि चॅनलचा नंबर बदला. माझा अंदाज आहे की तुमची निम्म्याहून जास्त तक्रार त्याच दुपारी मिटेल. मिटली नाही, गवताचा लेप तसाच राहिला, तर शेजारच्या छत्रीची परीक्षा घ्या आणि तिथे जी जिंकेल ती घ्या. पुढच्या सामन्याला वडील कुठल्या खोलीत बसले, तेवढं मला कळवा.